हायडेनब्रुनची मिशी

पैज लागली ती कुंपणावर. विष्णू पेंडसेची बाग आणि आलोइसचं अंगण यांच्यात एकच कुंपण, कमरेएवढं, आणि त्यावर बिअरचे दोन ग्लास बरोबर मावतील अशी एक सपाट फळी. ती आलोइसनेच कधीतरी ठोकली होती. एप्रिलमधला शनिवार होता, संध्याकाळचं चांगलं ऊन होतं आणि विष्णूच्या हातात एका एक्सेल शीटचा प्रिंटआउट होता. पुढे जे रामायण झालं ते सगळं त्या कागदापायी.

त्याचं असं, की यंदा जर्मनीत, बव्हेरियातल्या या हायडेनब्रुन गावाला नवा माइबाउम उभा राहायचा होता. माइबाउम म्हणजे एक मेला गावच्या चौकात उभा करतात तो खांब. अख्ख्या झाडाचा, निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, बत्तीस मीटर उंच. त्याला दोन्ही अंगांनी गावातल्या धंद्यांच्या रंगवलेल्या पाट्या लागतात: बेकर, लोहार, सुतार, बिअर गाळणारा. चार-पाच वर्षांनी खांब बदलायचा. आणि उभा राहायच्या आधी तो काही आठवडे आडवा पडलेला असतो, तेवढ्यात शेजारच्या गावाने तो पळवायचा, ही इथली रीत. वेशीबाहेर गेला की संपलं. मग सोडवून आणायला चोरांना पोटभर बिअर पाजायची, जेवू घालायचं, वर त्यांचे टोमणे हसत हसत ऐकायचे. पोलिसांत जायचं नाही. म्हणून रात्रंदिवस पहारा.

खांब पडला होता आलोइसच्या अंगणात, कारण आलोइस गावचा जुना सुतार. रिटायर झाला तरी रंधा त्याच्याच हातात. आणि पहाऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता करायचं काम आलं होतं विष्णूकडे, कारण विष्णू इंगोलश्टाटला एका सप्लायरकडे क्वालिटीत होता आणि त्याने आयुष्यभर तक्तेच केले होते.

"एक भोक आहे यात," विष्णू म्हणाला. "रविवार, दुपारी बारा ते एक. कोणाचंच नाव नाही."

आलोइसने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "रविवारी बाराला ब्राटन असतो."

ब्राटन म्हणजे भट्टीतून निघालेलं डुकराचं मांस, वर दाट सॉस आणि शेजारी बटाट्याचे दोन क्नोडल, टेनिसच्या चेंडूएवढे.

"तुझा ब्राटन राहू दे. खांब कोण बघणार?"

"अरे, चोरांच्या घरीही ब्राटनच असतो," आलोइस म्हणाला.

विष्णूला इतकं हसू आलं की फळीवरचा ग्लास कलंडला. पण क्वालिटीतला माणूस हसून झाल्यावर गप्प बसत नाही. त्याने वाद घातला, आलोइसनेही घातला. आलोइसचं म्हणणं, त्याच्या आजोबांच्या काळापासून रविवारी बाराला कोणी खांबाला हात लावलेला नाही. बव्हेरियात त्या तासाला माणसं मरतसुद्धा नाहीत, थांबतात. विष्णूचं म्हणणं, भोक ते भोक. शेवटी दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं आणि दोघांनाही एकदमच सुचलं. आलोइसच्या मिशा मेण लावून वर वळवलेल्या, रविवारी चर्चला जाताना वेगळ्या आणि बिअर गार्डनला जाताना वेगळ्या. विष्णूची मिशी दाट, काळी, कॉलेजपासूनची. लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्यामुलाच्या आधी तीच दिसते.

ठरलं असं: एक मेच्या आत कोणी रविवारी बारा ते एकमध्ये खांब वेशीबाहेर नेला, तर आलोइसची मिशी जाणार. नाही नेला, तर विष्णूची. काढायची ती भर चौकात, नव्या खांबाखाली, बँडच्या साथीने.

इथवर सगळी मजाच होती. मग आलोइसने उरलेला नियम सांगितला. चोर खांब घेऊन निघाले आणि तेवढ्यात गावातल्या माणसाने खांबावर हात ठेवून म्हटलं, हा इथेच राहणार, तर चोरांनी निमूट परत फिरायचं. मात्र माणूस गावचा हवा. येणाऱ्याजाणाऱ्याने हात ठेवून चालत नाही.

"म्हणजे मी ठेवला तर?" विष्णूने सहज विचारलं.

आलोइसने एक घोट घेतला, मिशीवरचा फेस पुसला. "तू शेजारी चांगला आहेस," म्हणाला आणि आत गेला.

विष्णू तिथेच उभा राहिला. शेजारी चांगला. एकोणीस वर्षांनंतर.

एकोणीस वर्षांपूर्वी तो आला तेव्हा हायडेनब्रुनमध्ये एक सिग्नल होता आणि तोही संध्याकाळी सहानंतर नुसता पिवळा लुकलुकायचा. तासाला एक गाडी. स्टेशनवर उतरणारा माणूस कोणाकडे आलाय हे स्टेशनसमोरच्या बेकरीला आधी कळायचं. आलोइसने बापाच्या हॉपच्या, म्हणजे बिअरमध्ये पडणाऱ्या वेलाच्या, शेताचा तुकडा विकला, त्यावर पहिलं घर उठलं ते विष्णूचं. आज त्या शेतात सहा गल्ल्या आहेत आणि त्यांना हॉपच्या जातींची नावं आहेत. म्युनिकची गाडी अर्ध्या तासाला. गावाची वस्ती तेव्हा चार हजारच्या आत, आता दहा हजारला टेकलेली. शाळेत तेवीस भाषा बोलणारी मुलं, मराठी त्यात सातांची. बेकरीत इथल्या पिळाच्या ब्रेझनच्या शेजारी तुर्की सिमित पाव मिळतो, फॉयरवेअरला, म्हणजे गावच्या अग्निशामक दलाला, दोन बंब आहेत आणि एका बंबावर चढणाऱ्या पोरांत विष्णूची मुलगी मैत्रेयी. आणि एवढं होऊन चर्चची घंटा अजून तीन मिनिटं पुढेच आहे, तिला कोणी हात लावलेला नाही, कारण गावाला तशीच आवडते.

विष्णू फोनवर पुण्याला "आमच्या हायडेनब्रुनला" म्हणूनच बोलायचा. त्याचे साडू पद्माकर एकदा म्हणाले, अहो, तुमच्या गावाएवढी तर आमची सोसायटी आहे. विष्णू म्हणाला, असेल, पण तुमच्या सोसायटीला बँड आहे का?

गावाशी त्याचं नातं खोड्यांचं होतं. नवा गोल चौक झाला आणि मध्ये काय ठेवायचं यावर कौन्सिल आठ महिने भांडत बसली, तेव्हा एका सकाळी तिथे बागेतला एक चिनीमातीचा बुटका उभा होता आणि त्याच्या गळ्यात जर्मनमध्ये पाटी: "हा कामात आहे. चौकशा कौन्सिलच्या कचेरीत कराव्यात. तिथेही मिळतीलच असं नाही." कोणी केलं हे साऱ्या गावाला कळलं. मेयर बाईंनी बुटक्याला कायम केला. हिवाळ्यात त्याला टोपी कोण घालतं ते मात्र विष्णूलाही माहीत नाही.

आणि एवढं करून, शेजारी चांगला.

दुसऱ्या दिवशी त्याने हृषिकेशला फोन लावला. हृषिकेश त्याच्याच कंपनीतला, पस्तिशीचा, राहायला शेजारच्या नीडरमोसला. नीडरमोस म्हणजे एवढंसं गाव. अख्खं गाव हायडेनब्रुनच्या शाळेच्या जिममध्ये बसेल आणि वर बॅडमिंटनचं एक कोर्ट मोकळं राहील. पण तिथली पोरं अंगापिंडाने दणकट, आणि हृषिकेशचं त्यांच्याशी चांगलं जमायचं. विष्णूने भोक सांगितलं. हृषिकेश आधी हुरळला, मग संध्याकाळी त्याचा पडलेल्या आवाजात फोन आला. पोरं तयार नाहीत. चोरायला तयार आहेत, पण बाराला नाही. ब्राटन.

विष्णू दोन मिनिटं विचारात पडला. मग त्याने विचारलं, मटकी आहे का घरात?

तर शेवटच्या रविवारी सकाळी साडेदहाला नीडरमोसच्या नऊ पोरांनी हृषिकेशच्या अंगणात मिसळ खाल्ली. कट झणझणीत, फरसाण विष्णूच्या डब्यातलं, पावाऐवजी बेकरीतले झेमेल. त्यांचा पुढारी क्वीरिन, तांबड्या दाढीचा, तीन वाट्या चेपून डोळे पुसत म्हणाला की आता संध्याकाळपर्यंत आपल्याला काही नको. बाराला निघाले तेव्हा एकाच्याही पोटात ब्राटनला जागा नव्हती.

इकडे विष्णू बाल्कनीत खुर्ची टाकून, फोनचा कॅमेरा पुसून तयार होता. बायकोला, सुनेत्राला, त्याने काहीच सांगितलं नव्हतं. ती आत भात लावत होती, कारण पेंडश्यांच्या घरी रविवारी दीडच्या आत ताट पडत नाही. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. बाराला बव्हेरियातल्या घंटा एकदा वाजायला लागल्या की शेजारी ट्रॅक्टर आला तरी ऐकू येत नाही, आणि खरोखरच ट्रॅक्टर आला. पोरं चपळ. खांबाच्या दोन्ही टोकांना चाकं सरकवली, पट्टे आवळले, आणि बत्तीस मीटरची ती निळीपांढरी चीज मांजराच्या पावलांनी आलोइसच्या फाटकातून बाहेर निघाली. आलोइसच्या खिडकीत त्याची पाठ दिसत होती. काटा वर, काटा खाली.

विष्णू हसत होता. खांब वळणावर आला आणि शेपटाकडच्या हिरव्या माळा फाटकाच्या खांबाला घासल्या. त्या माळा मैत्रेयीने आणि तिच्या मैत्रिणींनी तीन संध्याकाळी बसून वळल्या होत्या. तिच्या बोटांना चीक अजून होता. एक माळ सुटली, रस्त्यावर लोळत गेली. विष्णूचं हसू जरा आखडलं. मग त्याच्या डोळ्यांसमोर नीडरमोसचं ते एकुलतं एक गेस्टहाउस आलं, आणि त्यात बसून हायडेनब्रुनच्या बिअरवर हायडेनब्रुनलाच हसणारं नीडरमोस. जिममध्ये मावणारं नीडरमोस.

"अरे, आपला खांब नेतायत की," तो मोठ्याने म्हणाला.

सुनेत्रा आतून म्हणाली, कोण काय नेतंय? पण तोवर खुर्ची रिकामी होती.

एकोणपन्नास वर्षांचा माणूस पायात नुसते मोजे घालून कुंपणावरून उडी मारतो तेव्हा ते बघण्यासारखं असतं, पण बघायला कोणी नव्हतं, सगळे जेवत होते. तो पळत सुटला आणि पळता पळताच बोंबलत सुटला. गावाची पिवळी पाटी चारशे मीटरवर. पाटीच्या पुढे नीडरमोसची हद्द. ट्रॅक्टर पाटीपाशी पोचला, खांबाचं टोक पाटीच्या पुढे गेलं, दहा मीटर गेलं, वीस मीटर गेलं, आणि शेवटचे सहा-सात मीटर हायडेनब्रुनमध्ये उरले असताना विष्णूचा पंजा खांबावर पडला.

"हा खांब इथेच राहणार," तो म्हणाला. बव्हेरियन बोलीत म्हणाला, तेही धापा टाकत.

ट्रॅक्टर थांबला. क्वीरिन खाली उतरला, खांबावरच्या हाताकडे बघत राहिला. हृषिकेश त्याच्या मागून आला आणि त्याचा चेहरा पडला.

"विष्णूदादा, फोन तूच केलास ना?" तो मराठीत म्हणाला. "मटकीसुद्धा तू सांगितलीस. आता हे काय नवीन?"

"फरसाण माझं होतं," विष्णू म्हणाला. "ते जिरेपर्यंत तोंड बंद ठेव."

क्वीरिनला मराठी कळत नव्हतं, पण नियम कळत होता. तो नम्रपणे म्हणाला की हात ठेवायला माणूस गावचा लागतो. आणि त्याला, कोणाचा अपमान करायचा नाही, पण खात्री नाही. हे असं कधी झालेलं नाही. कोणीतरी जुन्या माणसाने सांगायला हवं.

विष्णूने हात काढला नाही. तेवढ्यात रस्त्याने गाव येताना दिसलं. सगळ्यांत पुढे सायकलवर आलोइस, कॉलरमध्ये रुमाल खोचलेला, डाव्या मिशीवर सॉस. मागे त्याची बायको रेझी, तिच्या मागे अर्धी गल्ली, एकाच्या हातात तर काटा होता आणि काट्याला क्नोडल. आलोइसने सायकल पाडली, खांब बघितला, खांबावरचा पंजा बघितला, विष्णूचे फाटलेले मोजे बघितले.

"आलोइस, हा तुमचा आहे का?" क्वीरिनने विचारलं.

विष्णू आलोइसच्या तोंडाकडे बघत होता. पैज, मिशी सगळं डोक्यातून गेलं होतं. म्हातारा काय म्हणतो एवढंच उरलं होतं.

आलोइसने रुमालाने मिशी पुसली, घाई न करता. "हा ना? हॉपच्या शेतातल्या पहिल्या घरातला विष्णू. एकोणीस वर्षं माझ्या फळीवर बिअर सांडतोय. आमचाच आहे. फिरवा ट्रॅक्टर."

पोरांनी ट्रॅक्टर फिरवला. रीतीप्रमाणे त्यांना दोन क्रेट बिअर मिळाली, हात हलवत कोणी जात नाही. गाव विष्णूच्या पाठीवर थापा मारत होतं. आणि मग आलोइसने घड्याळात बघितलं, एक वाजून दोन मिनिटं, आणि मोठ्या प्रेमाने विष्णूच्या वरच्या ओठाकडे बोट दाखवलं. शेवटच्या रविवारचा तास संपला होता. खांब गेला नव्हता. पैज विष्णू हरला होता, आणि तीही स्वतःच्या हाताने.

घरी आल्यावर त्याने सुनेत्राला सगळं सांगितलं, मटकीपासून. ती हसून हसून खाली बसली. पण विष्णूच्या मनात भलताच किडा वळवळत होता. आलोइस काय म्हणणार होता दुसरं? नाही म्हणाला असता तर खांब गेला असता, त्याची मिशी गेली असती. स्वतःची मिशी वाचवायला माणूस ट्रॅक्टरलाही भाऊ म्हणेल. मग ते "आमचाच आहे" खरं किती आणि मिशीपुरतं किती?

चार दिवस त्याचं हेच चाललं. सुनेत्रा शेवटी म्हणाली, "अहो, चोर तुम्हीच बोलावलेत, तुम्हीच पकडलेत, आता रुसूनही तुम्हीच बसलात. माझ्यासाठी काही काम ठेवलंय का?"

एक मेला चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. खांब क्रेनने नाही उभा करायचा, हायडेनब्रुनला ते कमीपणाचं वाटतं. साठ माणसं, लांब बांबूसारख्या जोडकाठ्या, आणि आलोइसची आरोळी. प्रत्येक आरोळीला खांब हातभर वर. पहिल्या आरोळीआधी आलोइसने माणसं मोजली आणि गर्दीत उभ्या विष्णूला बोटाने बोलावून तिसऱ्या जोडीला लावलं. कोणी काही म्हटलं नाही. दीड तास विष्णूने जोर लावला, तळहाताची सालं निघाली, आणि खांब सरळ झाला तेव्हा बँडच्या आधी त्याच्याच तोंडून शिट्टी गेली.

खांबाला पाट्या लागलेल्या होत्या. बेकर, लोहार, सुतार, बिअर. यंदा एक पाटी मात्र गोणपाटात गुंडाळलेली होती आणि तिची दोरी खालपर्यंत आली होती. मेयर बाई म्हणाल्या की गेल्या वीस वर्षांत गाव ज्यांच्या कामाने वाढलं, त्यांचीही पाटी वर हवी असं कौन्सिलने ठरवलं आणि रंगवायचं काम आलोइसवर सोपवलं. आलोइसने दोरी ओढली.

पाटीवर चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस होता. हातात व्हर्नियर कॅलिपर, डोळा बारीक केलेला. आणि नाकाखाली, चौकाच्या टोकावरूनही ओळखू येईल अशी, दाट काळी मिशी.

आधी मुलं हसली, मग सगळा चौक. विष्णू तोंड वर करून बघत राहिला. रेझी सुनेत्राच्या कानाला लागली होती, पण रेझीचं कानात बोलणंही दोन गल्ल्यांना ऐकू जायचं: फेब्रुवारीपासून पाटी वाळत पडली होती आमच्या कोठारात. मिशी पुरेशी दाट झाली का म्हणून मला तीनदा उठवून विचारलंय या माणसाने.

फेब्रुवारी. पैज एप्रिलमधली.

विष्णूने आलोइसकडे बघितलं. आलोइस कपड्याने हात पुसत होता, कुणाकडेच न बघता. "मग त्या दिवशी कुंपणावर का नाही बोललास?" विष्णूने विचारलं.

"पाटी गुपित होती," आलोइस म्हणाला. "आणि तू फार फुशारतोस." मग जवळ येऊन, हळूच: "दर दिवाळीला मला जे कुरकुरीत देतोस ना, ते क्वीरिनच्या दाढीत होतं. बाराला भूक लागू नये म्हणून काय चारलंस त्यांना?"

विष्णूने मिसळीचं सगळं कबूल केलं. आलोइस म्हणाला, पुढच्या रविवारी मलाही.

मग खुर्ची आली. स्टेशनजवळच्या सलूनचा मुराद पांढरा एप्रन घालून, वस्तरा पट्ट्यावर घासत उभा होता; तुर्कस्तानातल्या दियारबकरचा माणूस, गावात येऊन नऊ वर्षं झालेली, त्याने चौथ्या जोडीची काठी उचलली होती. बँडने संथ काहीतरी सुरू केलं, मयताला वाजवतात तसलं. नीडरमोसची पोरं पहिल्या रांगेत बसली होती आणि हृषिकेश व्हिडिओ घेत होता. विष्णू खुर्चीत बसला, मान ताठ, राज्याभिषेकाला बसावं तसा.

मैत्रेयी त्याच्याशेजारी उभी होती. घरी आईबाप मराठीत बोलायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, हे नेहमीचंच. पण भोवती सगळ्या मैत्रिणी होत्या, आणि त्यांना कळू नये म्हणून ती वाकून मराठीत म्हणाली, "बाबा, रडू नका हं. सगळे बघतायत."

"रडतोय कोण," विष्णू म्हणाला. "साबण आहे तो."

साबण अजून लावलेला नव्हता.

मुरादने तो लावला आणि विचारलं, कुठून सुरू करू? विष्णू म्हणाला, डावीकडून, आणि अर्धी झाली की थांब, नीडरमोसला नीट फोटो काढू दे, त्यांना दुसरं काही न्यायला मिळालेलं नाही. चौक खदखदून हसला. वस्तरा फिरला. बत्तीस वर्षांची अर्धी मिशी एप्रनवर पडली, एप्रनवरून दगडी फरशीवर, आणि वाऱ्याने थोडी नव्या खांबाच्या बुंध्याशी जाऊन बसली. विष्णूने वरचा ओठ चाचपला. गार लागत होता, आणि थोडा परका. सुनेत्रा लग्नानंतर प्रथमच बघत असल्यासारखी त्याच्याकडे बघत होती आणि तोंडावर हात धरून होती.

त्याने मान मागे टाकली. वर, वीस मीटरवर, बेकरच्या आणि सुताराच्या मध्ये ती होती, दाट, काळी, हायडेनब्रुनच्या सगळ्या छपरांच्या वर. पुढची पाच वर्षं तिला कोणी हात लावणार नव्हतं.

"थोडी जाडच काढलीस," तो आलोइसला म्हणाला, आणि मुरादला खूण केली, की आता उजवी.